एकोडीतल्या संडासाचा पहिला खड्डा

मी एक जुना खड्डा आहे, मित्रांनो. हो, संडासाचा! नाक दाबू नका, आधी ऐकून तर घ्या.

एकोडी गावातल्या सुखरामच्या अंगणात मिस्त्रीने मला खणले आणि जाळीदार विटांनी बांधले. शेजारीच माझा जुळा भाऊ, दुसरा खड्डा. आमच्या मधे एक छोटे चेंबर, त्यातून आम्हा दोघांकडे जाणारी दोन तोंडे. "एकाचं तोंड विटेनं बंद ठेवा. पहिला भरला का वीट इकडची तिकडं करा," असे मिस्त्री बजावून गेला. पहिली पाळी माझी लागली. सुखरामची आई चंद्रभागाबाई तर इतकी खूश, की अंगणासोबत आमची झाकणेही शेणाने सारवायची. काय तोरा होता माझा तेव्हा!

पाच वर्षांनी मी काठोकाठ भरलो. पाणी मागे येऊ लागले. सुखरामने दाराला कडी लावली. "संडास बंद! आता जा बोडीच्या काठावर."

चंद्रभागाबाईचे डोळेच भरून आले. "माह्ये गुडघे पाह्य तं, सुखराम! तलावावर मी कशी जाऊ रे?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात सून गुंजन म्हणाली, "आई, आपण वीट तं फिरवलीच नाही!"

पण चेंबर होते कुठे? पाच वर्षांच्या सारवणाने ते आमच्या झाकणांसकट पार गडप केले होते. सुखरामने तीन ठिकाणी सब्बल मारली, हाती दगडच आले. "कोनं सारवलं एवढं?" तो चिडला.

"मीच सारवलं ना, बाबा!" चंद्रभागाबाई काठी घेऊन उठली आणि अंगणभर ठकठक करत फिरली. न्हाणीजवळ पोकळ आवाज आला. "हे पाह्य! इथंच हाय!"

वीट फिरली, भाऊ कामाला लागला. म्हातारी त्याच संध्याकाळी बादली घेऊन ऐटीत आत गेली.

मी दोन वर्षे झाकणाखाली निवांत पडून होतो. मग सुखरामने तोंडाला दुपट्टा बांधून मला उघडले. आत ना वास, ना ओल. काळी, भुसभुशीत माती! "अरे बापरे, हे तं खत हाय!" दुपट्टा कधी सुटला, त्यालाही कळले नाही. मला रिकामे करून त्याने ते परसात घातले आणि त्या वर्षी वांगी शेजाऱ्यांनाही पुरून उरली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, खड्डा भरला की घाबरू नका. एकाला राबवा, दुसऱ्याला दोन वर्षे निजू द्या. घाई करून झाकण काढू नका.

यंदा भाऊही भरला. चंद्रभागाबाईने स्वतः उभे राहून वीट फिरवून घेतली. मग माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "चाल रे बाबू, आता तुझी पाळी."

खड्ड्याला कोणी बाबू म्हणते का हो? मला म्हणाली!