अव्वाची जिवाणी

माझी सासू सीताबाई, गावाची अव्वा, लई हट्टी बाई की! जैन मुनी महाराजांपुढं नेम घेतलेला. विहिरीचंच पाणी प्यायचं, आपल्या हातानं शेंदायचं, फडक्यानं गाळायचं. फडक्यावर राहिलेले बारीक जीव, म्हंजे जिवाणी, गडव्यातनं अलगद त्याच विहिरीत परत सोडायचे. नळ चालत न्हाय, बोअर तर न्हाईच. का, म्हणून एकदा इचारलं तर म्हणाली, "बोअरला जीव माघारी सोडायला तोंड कुठाय गं?"

माझ्या नवऱ्यानं, सम्मेदनं, ऊस काढून केळी लावली. दुबईला धाडायचा माल. त्यासाठी विहिरीपासनं हाकेच्या अंतरावर खोल बोअर मारला. केळी झ्याक आली, एका फणीला डाग न्हाय. पेट्या भरताना ह्यांचं तोंड बघावं! इकडं अव्वाचा दोर मात्र लांबत गेला, आणि ह्या उन्हाळ्यात बादली खडकावर आदळली. अव्वानं पाणीच सोडलं. ओठ फुटले, तरी बाई ऐकायला तयार न्हाय.

सम्मेद घाबरला. आई मरतीया म्हटल्यावर कोण घाबरणार न्हाय? ती बस्तीत, म्हंजे आमच्या जैन देवळात, दर्शनाला गेल्यावर त्यानं बोअरची पाइप गुपचूप विहिरीत सोडली. परत आल्यावर वरडला, "अव्वा, झरा फुटला!"

अव्वा अनवाणी पळाली. शेंदलं, गाळलं, तांब्याभर प्याली. माझे डोळेच भरून आले. मग जिवाणी सोडायला ती कठड्यावर वाकली आणि कोपऱ्यातली काळी पाइप तिला दिसली.

"हे पाणी कुठलं रे?"

"बोअरचं. तू मरशील म्हणून, अव्वा..."

ती वरडली न्हाय. वरडली असती तर बरं झालं असतं. गडवा हातात धरून कठड्याला टेकून बसली.

"मग माझ्या विहिरीचं कुठं गेलं?"

दारात केळीच्या पेट्यांनी भरलेली गाडी उभी होती. अव्वानं तिकडं बघितलं.

"ही गाडी कुठं जातीया?"

"दुबईला."

"मग जा, माझी जिवाणी दुबईला सोडून ये."

पोटच्या पोरानं माझा नेम मोडला म्हणत बाई रडली. दुसऱ्या दिवशी चंदगडाकडं दिलेली माझी ननंद आली आणि तिला घेऊन गेली. तिकडं पाऊस लई, विहिरी काठोकाठ. जाताना अव्वानं दोर गुंडाळून माझ्याकडं दिला. "पाणी आलं की कळव. मला माझ्या घरात मरायचंय."

बाग उभी हाय, व्यापाऱ्याला शब्द दिलाय, म्हणत सम्मेद बोअर बंद करत न्हाय. रात्री मात्र अर्ध्या ताटावरनं उठतो. अव्वा रोज फोन करते. काल बी केला.

"दीपा, पाणी आलं का गं?"

तिचा जीव राहावा म्हणून म्हटलं, "यायला लागलंय की, अव्वा."

"पोरी, बोअरची मोटर ऐकू यायलीया मला," म्हणाली आणि फोन ठेवला.