डाव्या हाताजोगं पॅड

माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, गाण्यांच्या कार्यक्रमांत ड्रम वाजवायच्या. त्यांचा हात असा पडायचा, की मागच्या रांगेत पेंगणारा माणूससुद्धा सावरून बसे. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय लवकर सुधारला, बोलणं तर कधी बंद पडलंच नव्हतं, पण डावा हात रुसला तो रुसलाच. कप धरता यायचा. ड्रमची स्टिक मात्र दोन ठोक्यांत निसटून जमिनीवर.

घरातले म्हणत, "झालं तेवढं पुष्कळ झालं, आता आराम कर." वन्सं मात्र जेवणाच्या टेबलावर उजव्या हाताने ताल धरत आणि डाव्याची बोटं त्याच्या मागोमाग चालवत बसत.

एक दिवस त्यांच्या ग्रुपची गायिका घरी आली. "ताई, इलेक्ट्रॉनिक पॅड घ्या. बोटाने वाजवलं तरी हॉलभर ऐकू जातं. तुमची जागा तुमचीच आहे."

"रबराच्या पाटीवर वाजवू मी?" वन्संनी नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभ्या. "चल गं. बघायला काय जातंय?"

दुकानदार हौशी होता. त्याने सगळ्यात मोठं पॅड पुढे ओढलं आणि त्याच्या चौकोनांवर पटापट बोटं मारून काच फोडली, घोडा पळवला, पाऊस पाडला. मी तर हरखूनच गेले.

"झकास," वन्सं म्हणाल्या. "आता जरा आवाज बंद करता का?"

"बंद? मग ऐकणार काय?"

"आधी हाताला कसं लागतंय ते बघते."

एकाचं रबर इतकं कडक, की ठोका मनगटात परत यायचा. दुसऱ्यात स्टिक रुतायची. तिसरं हाताला पटलं, म्हणून आवाज सुरू केला. पण उजव्या हाताने जोरात मारलं की बाजूचा चौकोनही आपोआप वाजे.

"याला शिंक आली की शेजारी दचकतोय," वन्सं म्हणाल्या. सगळ्यात आधी दुकानदारच हसला. मग त्याने त्यांच्या डाव्या हाताकडे नीट पाहिलं आणि आतून एक लहानसं पॅड आणलं.

"यात आवाज थोडे आहेत, म्हणून दाखवलं नव्हतं. पण कुठला चौकोन किती हलक्या हाताने वाजावा, ते वेगवेगळं ठरवता येतं."

तो गुडघ्यांवर बसून बटणं फिरवू लागला. वन्संनी डाव्या बोटांनी टिचकी मारली. काहीच नाही. "अजून हलकं करा." पुसटसं काहीतरी वाजलं. "अजून." आता नुसती बाही घासली तरी ते वाजायला लागलं.

"अहो, हे फारच मनाला लावून घेतंय. जरा मागे घ्या."

त्याने थोडं मागे घेतलं. वन्संनी उजव्या हातात स्टिक धरली, डाव्याची बोटं रबरावरून फिरवली आणि अख्खा ताल उभा राहिला. कोपऱ्यात गिटार छेडणारं गिऱ्हाईक थांबलं. मी त्यांना स्टेजवर कितीदा पाहिलं होतं, पण इतक्या जवळून कधीच नाही.

"हेच द्या," वन्सं म्हणाल्या.

घरी माझा नवरा म्हणाला, "दुकान पालथं घातलंत आणि आणलं ते एवढंसं?"

"तुझ्या मिशीपेक्षा मोठं आहे," वन्सं म्हणाल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं. पुढचे कित्येक आठवडे त्या दाराआडून तोच तोच ठेका ऐकू येत राहिला.

मग ग्रुपच्या कार्यक्रमात एका संथ गाण्याला साथ फक्त त्यांच्या डाव्या हाताची होती. गायिकेने गाता गाता मागे वळून पाहिलं. इतके दिवस वन्संच्या जागी वाजवणारा ड्रमर माझ्या शेजारी विंगेत उभा होता. "हा आवाज कुठला लावलाय?" त्याने हळूच विचारलं.

"मशीनमध्ये असतो तोच," मी म्हटलं. "त्यांची बोटं बघा."

गाणं संपेपर्यंत त्याने नजर हलवली नाही. मग टाळ्या अशा पडल्या, की पडदा ओढणारा दोरी सोडून टाळ्या वाजवू लागला.

"वन्सं, कमाल केलीत!"

"कसली कमाल? दुसऱ्या कडव्यात मागे पडले." त्या फडक्याने पॅड पुसत होत्या. तेवढ्यात तो ड्रमर आपली बॅग उचलून निघालेला त्यांना दिसला.

"तू कुठे निघालास रे? मोठे ड्रम आता तुझे. उद्या तालमीला ये, दोघं मिळून वाजवू."

त्याने बॅग खाली ठेवली आणि पॅडची वायर गुंडाळायला घेतली.