गोळ्यायनं हात मोकळे झाले

छप्पन सालची गोष्ट. मी हिंगणघाटले कापसाच्या जिनात कामाले होतो. माही बायको धुरपता बाळंत झाली आन तिचे सांधेच धरले. मनगटं अशी फुगली का पोरीले उचलनं तं सोडाच, लुगड्याची गाठ बी मले मारून द्या लागे. तिची माय, भागीरथामामी, समुद्रपुराहून येऊन राह्यली, आन पोरगी तिच्याच मांडीवर वाढू लागली. धुरपता भिंतीकडे तोंड करून रडे.

डाक्तरनं नव्या निघालेल्या गोळ्या द्याचं ठरवलं. आधी इचारलं, "हिला लहानपणी मोठं आजारपण? घरात कुणाला क्षय?"

धुरपता मनली, "नाई." मामी खाली पाहून राह्यली. मी तं चिडलोच. "अवो साहेब, हात पाहा ना! क्षयाचं काऊन इचारता?"

पन गोळ्या मंजे चमत्कारच बाप्पा! थोड्याच दिवसात बाई भाकरी थापू लागली. पोरीले अशी छातीशी धरली का कोनाच्या हाती देईना. मी खूश.

मंग खोकला लागला. मनलं, जिनातला कापूस मीच आंगावर घरी आनतो, त्याचा असन. पन संध्याकाळी ताप येई, हातपाय वाळत चालले, आन तोंड मात्र गोल गरगरीत! आता तुमीच सांगा, अशी बाई बिमार का बरी? माह्या डोक्शात तं काहीच बसेना.

पोरीसगट सारे पुन्हा डाक्तरकडे गेलो. त्यानं छातीचा फोटो काढला, उजेडात धरून पाह्यला. "जुना क्षय आत दबून होता. तो उठला. या गोळ्या सांध्यांची सूज उतरवतात, तोंड गोल करतात, पण रोगाला दाबून ठेवणारी ताकदही कमी करतात."

"जुना कुठचा? तिले कधी काही झालंच नाई!"

तवा मामी बोलली. "झालतं, जवाईबापू. लहान होती तवा रगत थुके. हिच्या बापानं आख्खा हिवाळा हिले बकऱ्यायच्या कोठ्यात झोपवलं, बकरीचंच दूध पाजलं. बरी झाली. हिले बी कधी सांगतलं नाई. बकऱ्यायनं नेलेल्या रोगाचं नाव घेत नाई आमच्यात. घेतलं का तो परत येते."

माहं डोक्सं फिरलं. "नाव नाई घेतलं तरी आला ना, मामी!" ओरडलो खरा, पन राग कोनावर काढाव तेच समजेना. ज्या गोळ्यायनं हात देले, त्यायनंच रोग उठवला. "बंद करा त्या गोळ्या!"

"एकदम बंद केल्या तर जीवावर बेतेल," डाक्तर मनला. "हळूहळू कमी करू, आणि क्षयाच्या सुया आजपासूनच. हात मात्र पुन्हा आखडतील."

धुरपतानं जवळच्या पोरीकडे पाह्यलं. मनली, "साहेब, हा रोग लेकराले लागते काय?"

"लागतो. तिलाही तपासू. तोवर दूर ठेवा."

पोरगी तिच्या गळ्यात तोंड खुपसून झोपली होती. धुरपतानं पदरात गुतलेली तिची बोटं एकेक करून सोडवली, पोरगी माह्या मांडीवर ठेवली आन दाराजवळ जाऊन बसली. तिचे हात बिलकुल दुखून राह्यले नव्हते.