विहिरीभोवती तार

प्रसेनजितनं लोखंडी खांब खड्ड्यात आपटला, तशी काठावरची कबुतरं फडफडत उडाली.

"हळू मार. काठ ढासळन," हिंमतराव म्हणाले.

"ढासळू द्या."

सुलतानपूरच्या शिवारातली ही विहीर हिंमतराव आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून खोदलेली. भाऊ गेला, आणि वर्ष सरायच्या आत हिंमतरावांनी मोजणी आणली. हद्दीची रेघ विहिरीच्या पलीकडून गेली. भावजय शालूबाईची वांगी आणि पाणी यांच्यामध्ये आता तार येणार होती.

"मोजणीत आपल्याकडे आली. त्याले मी काय करू?"

"रेघ मारनाऱ्यानं ह्या विहिरीचं पानी कधी पेलं काय, बाबा?"

प्रसेनजित गेल्याच महिन्यात इराकमधल्या एर्बिलहून परतला होता. तिथं वेल्डिंगच्या कामावर त्याचा जोडीदार होता दिलशाद, कुर्द माणूस. त्याच्या लोकांना स्वतःचा देश नाही. इराक, इराण, तुर्कस्तान, सीरिया, चौघांत त्यांचे डोंगर वाटले गेलेले. दिलशादची आई इराणच्या बाजूला राहायची, डोंगर उतरला की घर. ती वारली तेव्हा त्याला पलीकडे जायची परवानगी मिळाली नाही. आईची माती त्यानं मोबाइलवर पाहिली. फोन त्याच्यासमोर प्रसेनजितनं धरला होता.

हे त्यानं बापाला सांगून पाहिलं होतं.

"ते राज्याराज्यायचं हाय," हिंमतराव म्हणाले होते. "आपलं धुऱ्या-बांधाचं हाय. इराक इथं आनू नोको."

बापाला नाही म्हणायची सवय प्रसेनजितच्या तोंडाला नव्हती. राग सगळा पहारीत उतरत होता.

दुपारपर्यंत दोन तारा ताणून झाल्या. शालूबाई घागर घेऊन आली आणि तारेपाशी थांबली.

"वाट कुठून ठेवली रे, बाबू?"

प्रसेनजितनं बापाकडे पाहिलं. बाप तारेचा पीळ घट्ट करत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर दिलशादचा हसरा चेहरा. भारतीय पोरांबरोबर काम करून तो मोडकीतोडकी हिंदी शिकला होता.

"भाई! गाँव दिखाओ!"

प्रसेनजितनं फोन फिरवला. शेत, लिंबाचं झाड, विहीर. आवरायच्या आत तारही दिसली.

"ये तार किसलिए?"

प्रसेनजितनं फोन झटकन स्वतःकडे वळवला.

"जानवर आते हैं," तो म्हणाला. "सूअर. जंगली."

"अच्छा. मज़बूत लगाना."

फोन बंद झाला. शालूबाई तिथंच उभी होती. एवढी हिंदी तिला कळत होती. तिनं रिकामी घागर कमरेवर घेतली आणि पाठ फिरवली.

प्रसेनजितच्या कानशिलांतून जाळ निघाला. त्यानं कटर उचललं आणि वरची तार तोडली. ती सणकन मागं गेली.

"काऊन तोडून राह्यला बे?" हिंमतराव ओरडले.

"डुकरं आतल्या बाजूले हायेत, बाबा."

हिंमतरावांचा हात उठला. प्रसेनजित हलला नाही. त्यानं खालची तारही तोडली, आणि मगच मान वर केली.

"काकू!"

शालूबाई वांग्याच्या सरीतून चालत होती. तिला हाक ऐकू गेली असावी. ती थांबली नाही.