कागदावरचं नाव

अड्याळच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात दीपमाला बारा वर्षांपासून जळक्या मोटरींत नवी तार भरायची. पण दोन वर्षांपूर्वी रिता आली आणि जो तो तिचंच नाव घेऊ लागला. दीपमालाचा नुसता जळफळाट व्हायचा. मोटरीच्या खाचेत तारेखाली इन्सुलेशनचा कागद घालतात. त्याची कड सरकू नये म्हणून रिता ती दुमडायची.

"कायले एवढा टाइमपास?" दीपमाला फणकारायची. ती कागद सरळ कापून कोंबायची.

ऐन धानाच्या पाण्याच्या वेळी मारोतराव जळलेली मोटर घेऊन आले. कोणी भरली होती, त्यांना आठवेना.

"रितानंच, दुसरं कोन?" म्हणत दीपमालाने सगळ्यांदेखत तार उपसली. "पाहा, कागद कसा सरकला तं!"

तिथे भरणाऱ्या बाया कागदामागे पेन्सिलीने आपलं नाव लिहीत. काळवंडलेल्या, न दुमडलेल्या त्या कागदावर अजून वाचता येत होतं: दीपमाला.

मारोतराव चष्मा लावायच्या आत रिताने कागद चुरगाळून फेकला. "हो काका, माहीच चुकी. आज भरून देतो."

दीपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. मेलीने निदान हसायचं तरी होतं!