पिशवीतलं तिसरं बटण

थोरल्याने पिशवीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

"पहिला मीच का?" तो म्हणाला. "मी आधी हात घालायचा आणि तुम्ही मागून निवांत?"

"मग शेवटी काढ," धाकटी म्हणाली. "म्हणजे जे उरेल ते तुझ्या गळ्यात."

दोघांनी मग मधलीकडे पाहिलं. घरात तिला सगळे मधलीच म्हणत आणि शाळेत गणिताच्या बाई. दोन्हीकडे तिच्याकडे असंच पाहिलं जाई, भांडण आपण करायचं आणि उत्तर तिने द्यायचं, अशा नजरेने. टेबलावर शाळेतले न तपासलेले पेपर होते. ते तिने बाजूला सरकवले.

टेबलाच्या मधोमध नाडीची कापडी पिशवी होती आणि तिच्यात तीन बटणं. ज्याच्या हाती काळं येईल त्याने आईला वर्षभर सांभाळायचं, असं ठरलं होतं. वर्षाची पाळी लावायची कल्पना मधलीची. वडील गेल्यापासून आई तिच्याकडे होती, आणि पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून तर रात्री उठून तिला हाताला धरून न्हाणीघरापर्यंत न्यावं लागायचं. मधलीने तोंडातून ब्र काढला नव्हता. पण गेल्या आठवड्यात वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता ती उभ्या उभ्या झोपली, खडू हातातून पडला आणि मुलं हसली. त्या दुपारी तिने दोघांना फोन केला.

थोरल्याने लगेच अट घातली. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट सदा बंद. धाकटीकडे दोनच खोल्या. तेव्हा सरळ चिठ्ठ्या टाकू, पण तिघांच्या नावाने. सगळ्यांना समान न्याय. इतकी वर्षं आईला सांभाळलेल्या बहिणीचं नावही त्यात हवं, यात त्याला काही खटकलं नाही. मधलीला खटकलं. पण ती थकलेली होती, आणि तीनात एक म्हणजे काही वाईट नव्हतं.

"चिठ्ठ्या नकोत," आई म्हणाली होती. "माझ्या डब्यात बटणं पडलीत ढीगभर."

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई. खिडकीपाशी खुर्चीत बसून तिने डबा चाचपला, "दोन पांढरी, एक काळं," असं मोठ्याने म्हणत एकेक बटण पिशवीत टाकलं आणि नाडी ओढली. हे तिच्यासमोर नको, असं थोरला पुटपुटला, तेव्हा ती म्हणाली, "माझं आहे ना? मग माझ्यासमोर होऊ दे." धाकटीने आल्या आल्या तिला सुईत दोरा ओवून दिला होता, काळा संपला होता म्हणून पांढरा. एवढं केल्यावर आपला वाटा उचलून झाला, असं तिला वाटलं असावं.

"सांग ना ताई," धाकटी म्हणाली. "पहिलं काढावं की शेवटी?"

"काहीही फरक पडत नाही."

"असं कसं? पहिल्याने पांढरं काढलं, तर दुसऱ्याला धोका वाढला ना?"

"वाढला. पण पहिल्याने काळंच काढलं, तर दुसरा सुटलाच की." मधलीने डोळे चोळले. "दादा, असं समज, तिघांनी एकदम हात घातले आणि आपापल्या मुठी मिटल्या. आता कोणी मूठ आधी उघडली, कोणी नंतर, त्याने मुठीतलं बटण बदलणार आहे का? काळं तीनपैकी कुठल्याही मुठीत असेल. प्रत्येकाची संभाव्यता एक छेद तीन."

"नक्की?"

"माझा पगार त्याच्यावरच होतो."

"दर वर्षी शिकवणीच्या पोरांना हेच सांगते ती," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला पाठ झालंय."

"तुम्ही दोघं काढा आधी," मधली म्हणाली. "मी शेवटी. मला सारखंच आहे."

थोरल्याने डोळे मिटून हात घातला. मूठ उघडली तेव्हा तळव्यावर पांढरं बटण होतं. त्याने ते उजेडाकडे धरून पाहिलं, जणू पांढऱ्यातही काही डाव असेल. आता धाकटीचा चेहरा उतरला. तिने आत बोटं घातली, दोन्ही बटणं चाचपली, एक सोडलं, दुसरं धरलं, पुन्हा पहिलं धरलं.

"चाचपून रंग कळत नाही गं," थोरला म्हणाला. आता त्याला विनोद सुचत होते.

धाकटीचंही पांढरं निघालं. तिचा जीव असा भांड्यात पडला की ती हसलीच, आणि मग आईकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला.

"आता तुझं, ताई."

"माझं काय काढायचं? दोन पांढरी गेली. उरलं ते काळं." मधलीने पिशवीची नाडी घट्ट ओढली. वर्गात वापरते तोच आवाज तिच्या तोंडून निघाला. "याला निश्चित घटना म्हणतात. संभाव्यता एक."

मग चहा झाला. थोरल्याने दोन कप घेतले, आईच्या खुर्चीचा डुगडुगणारा पाय खाली पुठ्ठा घालून नीट केला, औषधांचा खर्च विचारला आणि उत्तर न ऐकताच मान हलवली. धाकटी आईच्या गळ्यात पडली. दोघं दिवे लागायच्या आत गेले. मधली मोरीपाशी उभी राहून कप विसळत राहिली. दोन छेद तीन. आठवडाभर ती या आकड्यावर जगली होती. तीनातून दोन वेळा आपण सुटतो, हे ती स्वतःला इतक्यांदा सांगून बसली होती की मनातल्या मनात तिची एक अख्खी रात्र झोपूनही झाली होती. रडू येत होतं, पण त्यालाही जरा ताकद लागते.

रात्र नेहमीसारखीच गेली.

सकाळी शाळेत निघताना तिने आईच्या खोलीतल्या खुर्चीवरून आपला राखाडी स्वेटर उचलला. त्याचं वरचं बटण कधीचं तुटलं होतं आणि त्या जागी ती सेफ्टीपिन लावायची. "शिंपिणीची मुलगी पिन लावून फिरते," असं आईने कितीदा ऐकवलं होतं. आज बोटांना पिन लागली नाही. तिथे बटण होतं, काळं. पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं, टाके वेडेवाकडे, एक पार कॉलरमध्ये घुसलेला.

ती बटणाकडे बघत उभी राहिली. मग बाहेर आली. पिशवी टेबलावर पेपरांखाली तशीच पडली होती. तिने नाडी सोडली आणि पिशवी उलटी केली. टेबलावर पांढरं बटण पडलं आणि गरगरून थांबलं.

वर्गात संभाव्यता शिकवताना ती आधी पिशवी उलटी करून झटकते, मुलांना रिकामी दाखवते, मग एकेक गोटी त्यांच्यासमोर आत टाकते. पोरं संशयी असतात. आईला मात्र दाखव म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि शेवटचं बटण काढायची गरज नाही, हे तर तिने स्वतःच सांगितलं होतं, ठासून.

तिला राग आला. असा राग तिला कैक वर्षांत आला नव्हता. एक वर्षाची झोप. नशिबावर रात्रभर चरफडून झालं होतं. यात नशीब नव्हतंच, कुणीतरी तिला निवडलं होतं. ती बटण मुठीत घेऊन आईच्या खोलीच्या दारात गेली. आई खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, नजर खाली. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं, झोपलीस का नीट?" थोरला म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. शेवटी नशीब असतं ज्याचं त्याचं."

"हं."

"एक विचारू? धाकटीचा काल फोन आला होता. म्हणत होती, शेवटचं बटण कुणी पाहिलंच नाही. उगाच तिच्या मनाला खात बसलंय. मी म्हटलं, अगं, ताईचा विषयच आहे तो. पण..." तो घुटमळला. "म्हणजे काही गडबड असेल, तर पुन्हा काढावं लागेल. मला ते आवडणार नाही, पण काढू. तू पाहिलंस का ते?"

आईने मान वर केली नाही. तिचे एरवी सतत थरथरणारे हात एकमेकांत घट्ट धरलेले होते. सुईने टोचलेलं एक बोट तिने तळव्यात लपवलं होतं. पुन्हा काढलं तर थोरल्याच्या दारात नाहीतर धाकटीच्या दोन खोल्यांत कुणाचा तरी चेहरा पडणार आणि तो आईला वर्षभर बघावा लागणार.

फक्त 'काळं नव्हतं' एवढंच म्हणायचं होतं.

"पाहिलं," ती म्हणाली. "काळंच होतं."

थोरल्याने सुटकेचा निःश्वास सोडला, तो फोनवरही ऐकू आला. रविवारी नक्की येतो, असं सांगून त्याने फोन ठेवला.

मधलीने खोलीत जाऊन पांढरं बटण आईच्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं.

"पुढच्या वर्षी पिशवी मी भरणार," मधली म्हणाली.

"भर की." आईने डबा मांडीवर ओढून घेतला. "पण सगळ्यांना दाखवून भर बाई. लोक लबाड असतात."

मधलीला हसू आलं, आणि ते आलं याचा तिला पुन्हा रागही आला. तिने स्वेटर अंगात चढवला. बटण काजाला जरा मोठं होतं. ते बसवायला तिला दोन्ही हात लागले.