प्रतापनगरचं लाल फडकं

"लाल झालं! डाकण सापडली!"

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समागे माणसांचा नुसता लोंढा उसळला. खुर्चीत भुवनबापू नावाचा बुवा, पायघोळ पांढरा झब्बा घातलेला. पुढ्यात ओलं पांढरं फडकं. आळीतल्या बायांनी एकेक करून तळवे टेकले, फडकं कोरंच राहिलं. लोकांचं धुणं तसंच टाकून यायला लावलेल्या मंदानं हात टेकला आणि पाची बोटं लाल उमटली.

"माताजी बोली!" बुवा गरजला. "पोराचं रक्त हिनंच प्यालं! मारा! फडकं पांढरं होईस्तोवर मारा, डाकण आपोआप निघेल!"

पहिली काठी रमाकांतची. नातू तापानं फणफणला म्हणून दवाखाना सोडून बुवाला आणणाराही हाच.

त्याची थोरली बहीण निरुपमाबाई रिक्षातून उतरल्या, तेव्हा मंदा मातीत पडली होती. ओठ फाटलेला, मनगट वाकडं.

निरुपमाबाई सेंद्रिय रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. सगळी हयात रंग बदलणाऱ्या रेणूंत घातलेली. सोडा लागला की लाल होणारी आणि हवेत हळूहळू पुन्हा पांढरी होणारी एक पूड त्यांनी शोधली होती. परदेशातले संशोधक त्यांच्या निबंधांच्या आधारावर पुढची कामं करत. पण बाईंना कौतुक होतं ते लहरीपुरा बाजारातल्या शिंप्यांचं. तीच पूड सोड्यात कालवून ते कापडावर खुणा करत आणि शिवून होईतो खूण गायब होई.

फडक्यावरचा तो लाल रंग त्यांनी गर्दीत आपलं पोर ओळखावं तसा ओळखला. आणि मस्तकात तिडीक गेली. माझ्या पुडीनं माणूस मारताय?

"रम्या, काठी टाक!"

"ताई, मध्ये पडू नकोस! पोराच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"आणि ही काय दगडाची आहे?"

"बेन, आघा खसो! बाजूला व्हा!" कुणीतरी ओरडलं. पाठोपाठ विटेचा तुकडा बाईंच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, फडकं हिसकावलं आणि तोंडाशी धरून फुंकर मारत राहिल्या. लाल बोटं फिकी झाली. मग गेलीच.

"गेली डाकण? माझ्या फुंकरीनं? श्वासातल्या वायूनं रंग मरतो, बिनडोकांनो! नुसत्या हवेनंही मरतो, थोडा उशिरा. तेवढ्या वेळात तुम्ही तिला मारून टाकलं असतंत!"

"आ पण डाकण छे! हीसुद्धा डाकण!" बुवा किंचाळला. "फूंक मारी!"

काठ्या बाईंकडे वळल्या. नळाखाली मंदाची बादली होती, सोड्याचं पाणी भरलेली. बाईंनी ती उचलली आणि थेट बुवावर ओतली.

झब्बा लालेलाल झाला. खिशापासून पोटापर्यंत, पुडीचे हात जिथे जिथे पुसले होते तिथे तिथे.

"हं, बोला! आता कुणाला मारायचं? फडक्यालाही यानं हीच पूड चोळलीये, सोडा लागला की लाल होणारी. मंदा सकाळपासून सोड्यात हात घालून बसलीये. तुमच्या बाया हात धुऊन, सोड्याचा कणही न ठेवता आल्या. धुणंवालीचाच हात लाल होणार, हे या लबाडाला ठाऊक होतं. रम्या, चादरी तुझ्याच घरच्या आहेत बादलीशेजारी!"

 मग तोच जमाव बुवावर तुटून पडला. रमाकांतची काठी पुन्हा वर गेली. बाई त्या काठीखाली उभ्या राहिल्या.

"याला पोलीस नेतील. एक काठी पुरली नाही का तुला?"

रमाकांतनं काठी टाकली.

बाईंनी मंदाचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या तोंडून रक्ताबरोबर शब्द आले. "बाई, दोन काठ्या पडल्यावर मलाच वाटलं... असेन मी डाकण."

बुवा कोठडीत गेला. नातवाचा ताप गोळ्यांनी उतरला. मंदाचं मनगट सांधलं, पण ते वाक्य कुठल्या प्लास्टरनं सांधायचं?

उद्या तुमच्या आळीत कुणी असंच फडकं घेऊन येईल. काठी शोधण्याआधी विचारा, हा रंग कशाचा? उत्तर मिळेपर्यंत कुणाच्या अंगाला हात लावू नका. मिळाल्यावरही लावू नका.